राजाची उडी

मामाजी, मी तुमच्याशी बोललेला पहिला शब्द ‘मात’ हा होता. सून म्हणून या घरात येऊन दोन वर्षं होत आली होती आणि तोवर तुमच्यासमोर माझ्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं. सुनेनं सासऱ्याशी बोलू नये, त्याच्यासमोर बसू नये, पदर कपाळाखाली असावा, ही आपल्याकडची रीत. ती मोडायचीच होती तर ‘पाणी देऊ का’ असं काही विचारून मोडता आली असती. मी दाराआडून हात बाहेर काढला, तुमचा राजा तुमच्याच घरात कोंडला आणि म्हटलं, मात. बाकी सगळं तुमच्या-माझ्यात त्यानंतर सुरू झालं, आणि भांडणही तिथंच सुरू झालं.

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, तुमचा लेक दिग्रसला कापसाच्या जिनात कामावर परत गेला. मी शाळेतून आणखी दोन दिवसांची रजा मागून घेतली आहे. आता दुपार आहे, माझ्या सासूबाई, आत्याबाई, आत पडल्या आहेत आणि मी ओसरीवर तुमच्या जागेवर बसले आहे. समोर तुमचा बुद्धिबळाचा पट आहे, लाल-पांढऱ्या चिंध्यांचा, आत्याबाईंनी शिवलेला. एका कोपऱ्याचा टाका सुटला आहे.

तुम्हाला आठवतं ना, कसं सुरू झालं होतं? तांड्यावरचे हरसिंग नायक तुमचे खेळातले जोडीदार. ते यायचे बहुधा सोमवारी, दिग्रसच्या बाजारातून परतताना. इतर दिवशी तुम्ही एकटेच पट मांडून बसायचे. एक चाल इकडून, मग उठून पलीकडे बसायचे आणि एक चाल तिकडून. पलीकडच्या बाजूने बसल्यावर तुम्ही खरोखर वेगळे होऊन खेळायचे, मिशीवर हातसुद्धा दुसराच फिरायचा. मी आत दारापाशी ज्वारी निवडत असे. माझ्या माहेरी, पुसदला, मी आणि माझा धाकटा भाऊ वसंता खेळूनच मोठे झालो होतो, त्यामुळे नजर सुपात राहायची नाही. एके दिवशी तुमचा वजीर फुकट जात होता. मला राहवलं नाही. मी आत्याबाईंच्या कानाशी म्हटलं, त्यांना उंट मागे घ्यायला सांगा.

“उंट मांगं घ्या म्हनते,” आत्याबाई वाती वळता वळता म्हणाल्या.

“कोन म्हनते?”

“कोन म्हंजे? तुमची सून म्हनते.”

तुम्ही बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता काही खरं नाही. मग तुम्ही उंट मागे घेतला आणि उठून शेतात गेले. दुसऱ्या दिवशी पट मांडला तो दाराला लागून, आणि काळे मोहरे दाराच्या बाजूला लावले. माझ्याकडे पाहिलंही नाही. आमंत्रण असंही असतं हे मला तेव्हा कळलं.

मग दीड वर्ष आपण खेळलो. तुम्ही ओसरीवर, मी दाराआड, मधे आत्याबाई. मी हळू आवाजात चाल सांगायची, त्यांनी मोहरा सरकवायचा. त्यांना खेळातलं काही येत नव्हतं, येऊ द्यायचंही नव्हतं. प्याद्यांना त्या पोट्टे म्हणायच्या. म्हणून आपण घराच्या खुणा लावल्या होत्या: राजाची बाजू ती विहिरीकडची, वजिराची बाजू ती गोठ्याकडची. “विहिरीकडचा घोडा पुढे,” मी म्हणे. “कोन्त्या घरात?” “गोठ्याकडे तोंड करून.” आणि आत्याबाई घोड्याचं तोंड खरोखर गोठ्याकडे फिरवून ठेवायच्या. एकदा त्यांनी भलताच मोहरा उचलला तेव्हा तुम्ही हटून बसले, हात लावला तर तीच चाल. त्यांनी वाती बाजूला टाकल्या. “हात माहा हाय, चाल तिची हाय,” त्या म्हणाल्या. “मले मारा आन तिची चाल तिले द्या.” तुम्ही चाल परत दिली होती. आत्याबाईंपुढे तुमचा नियम टिकल्याचं मी कधी पाहिलं नाही.

तुमचा खेळ जुन्या देशी पद्धतीचा. प्यादं एका वेळी एकच घर चालणार. पहिल्या पंधरावीस चाली नुसती मांडामांड. एक डाव दोन-तीन दुपारी चालायचा. पटपट मारामारी करणाऱ्याला तुम्ही खेळणारा समजायचेच नाही. वजिराने मात केली तरी तुम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. आत्याबाईंकडे तोंड करून तुम्ही मला ऐकवायचे, “वजिरानं तं कोनीबी मारते. प्याद्यानं मात करा, मंग सांगा.” आणि पांढरे मोहरे नेहमी तुमचे, कारण तुम्ही वडील. काळे माझे. मी दीड वर्षात एकदाही जिंकले नाही. तीन वेळा तुम्ही मला प्याद्याने मारलं, आणि तिन्ही वेळा नायकांना ते दोन-दोनदा सांगितलं.

आपण मुंबई राज्यात गेलो त्या साली माझं लग्न झालं होतं. दोन वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. त्यात वसंताचं नागपूरहून पत्र आलं की यवतमाळला मास्तरणींचं ट्रेनिंग आहे, सातवी पास बायकांना घेतात, दोन वर्षं तिथंच राहायचं. सोबत अर्ज. त्यावर घरच्या वडीलधाऱ्याची सही हवी. तुमचा लेक म्हणाला, बाबा म्हणतील तसं. तो सगळ्याच गोष्टींना तसं म्हणतो, आजही. मी आत्याबाईंच्या हातून अर्ज तुमच्याकडे दिला. तुम्ही तो घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि “पाहू” म्हटलं.

तो ‘पाहू’ पंधरा दिवस चालला. मामाजी, मी त्या पंधरा दिवसांत तुमच्यावर फार चिडले होते, ते आता सांगते. भाकरी वाढताना तुमच्या बंडीच्या खिशाकडे पाहायची. बंडी धुवायला निघाली की खिसा चाचपायची. कागद तिथं नसायचा. गावात बायका विहिरीवर आपसात बोलायच्या, लेकरू नाही बाळ नाही आणि यवतमाळला निघाली. नायकांनीही तुम्हाला ओसरीवर म्हटलेलं मी ऐकलं होतं, “भाऊ, सून हाताबाहेर जाईन.” तुम्ही त्यांना काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. तुम्ही हसले तेवढं ऐकू आलं. मी त्या हसण्याचा वाईट अर्थ लावला. मी तेव्हा कशाचाही वाईटच अर्थ लावत होते.

त्याच दिवसांत वसंताचं एक पोस्टकार्ड आलं. त्याच्या बोर्डिंगात मुलं विलायती पद्धतीने खेळत. त्यात प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जाऊ शकतं, राजासमोर राजा मांडतात, आणि डाव कसा भराभर सुटतो. त्याने बारीक अक्षरात काळ्याचा एक डाव लिहून पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘ताई, यात आपलं प्यादं पहिल्याच चालीला फुकट द्यायचं. समोरचा हावरा असला तर आठ चालींत संपतो. शहाणा असला तर आपण संपतो.’ तुम्ही फुकटचं प्यादं कधी सोडल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी चुलीपुढच्या राखेत चौसष्ट घरं आखली, ज्वारी आणि तुरीचे दाणे मांडले आणि चार दिवस भाकऱ्या करपवल्या.

बुधवारी नायक वाट वाकडी करून आले होते, बैलासाठी औषध न्यायला. पट मांडलेला होता. मी आत्याबाईंना म्हटलं, सांगा त्यांना, एक डाव माझ्या भावाच्या रीतीने. प्यादं पहिल्यांदा दोन घरं, राजासमोर राजा. आणि मी जिंकले तर कागदावर सही करा.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हसू लागल्या. मला वाटलं, माझ्या आगाऊपणाला हसताहेत. त्यांनी निरोप सांगितला.

“बरं,” तुम्ही म्हणाले. “आन हारली तं?”

“सांगा, हरले तर कागद परत मागणार नाही,” मी आत्याबाईंना म्हटलं.

आत्याबाईंनी निरोप तसाच पोचवला. त्या एका कागदाशिवाय मला दुसरं काही नव्हतं. पण शब्द गेला तो गेला.

तुम्ही वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. नवी गंमत म्हणून हसत टाकलं. मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकायला सांगितलं, थेट तुमच्या प्याद्याच्या माऱ्यात, मागे कशाचाही जोर नसताना. आत्याबाई म्हणाल्या, “अवो, हा पोट्टा मरते ना!” तुम्ही मारला. मी गोठ्याकडचा घोडा काढून तुमच्या प्याद्यावर रोख धरला, तुम्ही घोडा काढून त्याला जोर दिला. मी वजीर राजासमोर आणला, तुम्ही उंट काढून त्याच प्याद्याला आणखी जोर दिला. त्या एका चोरलेल्या प्याद्याला तुम्ही किती जपत होते, मामाजी! चौथ्या चालीला माझा वजीर गोठ्याकडे सटकला आणि तुमच्या राजाला शह. तुम्ही उंट मागे आणून शह झाकला. मी घोड्यापुढचं प्यादं खाल्लं. तुम्ही उंट माझ्या वजिरावर घातला आणि नायकांकडे पाहिलं, कारण आता माझा वजीर पळणार असं तुम्हाला वाटलं.

वजीर पळाला नाही. मी उंट काढला. तुमचा उंट आता माझा वजीर मारू शकत नव्हता, तो हलला की राजा उघडा पडत होता. नायक पुढे सरकून बसले. तुम्ही वजीर मदतीला आणला. माझ्या उंटाने तुमचा उंट घेतला, तुमच्या वजिराने माझा उंट घेतला. एवढ्यात आत चुलीवर दूध उतू गेलं. “अगं बाई!” म्हणत आत्याबाई उठून पळाल्या.

मला थांबता आलं असतं. दूध उतरवायला कितीसा वेळ लागतो? पण चार दिवस राखेत पाहिलेलं ते घर माझ्या डोळ्यांपुढे मोकळं होतं, आणि मला भीती होती की तेवढ्या वेळात ते तुम्हालाही दिसेल, जणू चाल तुमची होती. मी पदर सांभाळत हात बाहेर काढला, वजीर तुमच्या शेवटच्या ओळीत नेऊन ठेवला. तुमच्या राजासमोर तुमचंच प्यादं, बाजूला तुमचाच उंट. आणि मी म्हटलं, मात.

तुम्ही पटाकडे पाहिलंच नाही. दाराकडे पाहिलं. नायकांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. मग तुम्ही पटाकडे पाहिलं, एकदा, दोनदा, आणि थेट मला म्हणाले, “राजाची उडी बाकी हाय.”

जुन्या रीतीत राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, मात्र त्याआधी त्याला शह लागलेला नसावा. तुमचं पहिलं प्यादं उठलं होतं त्यापुढचं घर रिकामं होतं. तिथं राजा उडाला असता तर वाचत होता, हे खरं. पण मी म्हटलं, “या रीतीत उडी नाही.”

“तू प्याद्याचं ठरोलं होतं. राजाचं ठरोलं नोतं.”

“आणि जुन्या रीतीनेही नाही. चौथ्या चालीला शह लागला आहे.”

“लागला कुठं? उंटानं झेलला. राजाले हातबी नाई लागला.”

“झाकला तरी शह तो शहच.”

आत्याबाई हातात दुधाचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या. दोन वर्षांत एक शब्द न बोललेली सून सासऱ्याशी कचाकचा भांडत होती. नायक इतके हसले की त्यांना ठसका लागला. “आठ चाली, भाऊ! चहा व्हाच्या आंधी!” ते म्हणाले, आणि तसेच उठून गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तांड्यावर आणि दुसऱ्या दिवशी गावात होती. शिवरामभाऊला सुनेनं आठ चालींत मारलं.

गुरुवारी सकाळी तुम्ही मला हाक मारली. नावाने. “सिंधू, इकडे ये. बोलली तं बोलली. आता दरवेळी बुढीले मधात घालू नको.” मी पुढे आले. तुम्ही बंडीतून कागद काढला, त्यावर सही होती. आणि शेजारी एक पत्र्याची पेटी होती, हिरवी, नवी कोरी. झाकणावर पेंटरने पिवळ्या रंगात नाव घातलं होतं: ‘सिंधूबाई मास्तरीण’. मी अजून ट्रेनिंगला लागलेसुद्धा नव्हते. त्या पेटीवरून यवतमाळच्या वसतिगृहात दोन वर्षं मुलींनी मला छळलं. मी मात्र मिरवत असे. पेटी कुठून आली विचारलं की सांगायची, सासऱ्याला आठ चालींत मात देऊन जिंकून आणली. मी हे मोटारीत, वर्गात, जिथं तिथं सांगितलं. महागावकडे शाळेवर लागले तेव्हा फळ्यावर चौसष्ट घरं काढून मुलांनासुद्धा सांगितलं.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात माझी शेवटची परीक्षा झाली. निकाल घेऊन घरी आले तेव्हा मी पट मांडायला घेतला. तुम्ही म्हणाले, “आंधी तो डाव पुरा कर. उडी दे.” मी म्हटलं, तो डाव पुरा झाला. तुम्ही म्हणाले, मग नवा नाही. मला वाटलं, चार दिवसांत विसराल. तुम्हाला वाटलं असेल, चार दिवसांत वाकेल. दोघंही एका माळेचे मणी. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक मे महिन्यात तेच. मी पायांवर डोकं ठेवलं की आशीर्वादाआधी “उडी देतं का?” आणि माझं “नाही.” मुलगी झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन तिलाही तुम्ही विचारलं होतं, “तुही माय उडी काहून देत नाई, वं?” सगळे हसायचे. मीही हसायची. नऊ वर्षांत आपण एकही डाव खेळलो नाही, मामाजी. हा आकडा मी आज पहिल्यांदा नीट मोजला.

मी का देत नव्हते ते सांगते. मला तो जिंकलेला डाव हवा होता. माझं शिक्षण, माझी नोकरी, हातातली छडी आणि खडू, हे कोणी मेहेरबानीने दिलेलं नाही, मी बुद्धीच्या जोरावर घेतलं आहे, याचा तोच एक पुरावा होता माझ्याकडे. उडी दिली की मात गेली, आणि मात गेली की मी पुन्हा दाराआडची. असं मला वाटायचं. तुम्ही उडी मागता ती हरल्याची बोच म्हणून, असंच मी धरून चालले. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट.

शेवटचं भेटलो तो रविवार. छातीत कफ भरला होता, बोलताना तुमची दमछाक होत होती. तुम्ही उशीवर मान वळवली आणि म्हणाले, “सिंधू, आता तरी उडी देतं का?”

देवाशपथ सांगते, मामाजी, ओठांवर ‘घ्या’ आलं होतं. पण नऊ वर्षं नाही म्हणत आले, आणि आज हो म्हटलं तर त्याचा अर्थ एकच होईल, तुम्हालाही तो कळेल, असं माझ्या मनात आलं. निरोप घेतल्यासारखं होईल. म्हणून मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, “आधी बरे व्हा. मग भांडू. नियम म्हणजे नियम.” तुम्ही हसल्यासारखं केलं आणि डोळे मिटले. मला दुसऱ्या दिवशी शाळा होती. चारच्या मोटारीने मी गेले. बुधवारी निरोप आला.

हे तेरा दिवस मी कोणाशी बोलले नाही. रडायला आलेल्या बायका म्हणायच्या, मास्तरीण मनाची घट्ट आहे. घट्ट कसली, नुसती हट्टी.

आज सकाळी आत्याबाई फडताळातून पट घेऊन आल्या आणि माझ्यापुढे अंथरला. मग मोहरे मांडू लागल्या. मला वाटलं, खेळायला लावतात की काय. पण त्या सुरुवातीची मांडणी करत नव्हत्या. पांढरा राजा त्याच्या घरात, समोर पोट्टा, बाजूला उंट, काळा वजीर शेवटच्या ओळीत. त्यांनी तो डाव मांडला, शेवटपर्यंतचा, एकही मोहरा न चुकता. ज्या बाईला घोडा आणि उंट यांतला फरक कळत नाही असं आपण दोघं समजत होतो.

“तुम्हाला येतं?” मी विचारलं.

“दीड वर्स तुमच्या चाली वाहिल्या म्या. येनार नाई तं काय?” त्या म्हणाल्या. “अन् हा डाव तं ह्याईनं मले नऊ वर्स रोज दाखोला.”

मग त्या वाती वळायला बसल्या, तुमच्या शेजारी बसायच्या तशाच, आणि माझ्याकडे न पाहता बोलल्या. “सिंधू, तू हुशार हायेस, पोट्ट्यायले हिशेब शिकवतंस. मले एक सांग. डाव झाला बुधवारी. पेटी भेटली गुरुवारी सकाळी. दिग्रसच्या पेंटरनं नाव कवा घातलं?”

इतकी वर्षं त्या पेटीवर बसून मी मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, मामाजी. तो पिवळा रंग वाळायलाच दोन दिवस लागत असतील.

“सोमवारी बाजारातून आनली होती. पोत्यात गुंडाळून. म्याच गोठ्यात कडब्याखाली दडोली. सही तं त्याच्याही आंधी झालती. ह्याईनं ठरोलं होतं, आठ दिवसांनी पेटीसंगंच कागद द्याचा. तेवढ्यात तू आली, जितली तं सही करा म्हनत. मंग ह्याईले चढला जोर. मले म्हने, डाव जितू, तिचं तोंड उतरलं का मंग पेटी काढू. पाह्य कशी नाचते ते.” आत्याबाईंनी वात बाजूला ठेवली. “तुनं तं बाप्पा आठ चालीत सगळं पानी फेरलं. हारल्यावर माणूस कोन्त्या तोंडानं म्हनन का हे म्या मनानं देल्लं?”

म्हणून त्या हसल्या होत्या पदराआड.

“मला सांगायचं होतं ना,” मी म्हटलं.

“म्या म्हनलं त्याईले. सांगून टाका. तं म्हने, सांगून नाई. तिनं उडी दिली का तिले आपसूक समजन, का म्या हारलो नोतो अन् तरी धाडलं. सारं गाव म्हने, सुनेनं धाडायले लावलं. ते त्याईले लागे. त्याईले वाटे, निदान तुले तं ठावं असावं.”

मग मी रडले. तेरा दिवसांचं एकदम. आत्याबाईंनी रडू दिलं.

तुम्ही मला हे बोलून का नाही दाखवलं याचा मला राग आहे, तो आहेच. पुढच्या मे महिन्यात पायांवर डोकं ठेवायला कोणी नसेल तेव्हाही तो असेल. माझं जिंकणं खोटं नव्हतं, मामाजी, तेही मी सोडत नाही. तुम्ही हावरेपणाने ते प्यादं खाल्लं आणि मी तुम्हाला धरलं, स्वच्छ धरलं. पण मी जे जिंकून घेतलं असं गावभर सांगत हिंडले ते जिंकण्याआधीच माझं झालं होतं. कडब्याखाली पोत्यात गुंडाळून पडलेलं होतं. विहिरीवरच्या बायका आणि नायक बोलत असताना, मी खिसे चाचपत तुम्हाला मनातल्या मनात बोल लावत असताना, तुम्ही दिग्रसच्या पेंटरपुढे उभे राहून ‘मास्तरीण’ लिहून घेत होते. मी मास्तरीण झाल्याचा सही-शिक्का तेव्हा कुठंच नव्हता. फक्त तुम्हाला तसं दिसत होतं.

सकाळी वाती वळून झाल्यावर आत्याबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि मधल्या माणसाच्या त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, “ते म्हनतात, राजाची उडी बाकी हाय.”

मी म्हटलं, “सांगा त्यांना, घ्या म्हणावं.”

त्यांनी पांढरा राजा उचलला, तिरपा, घोड्याच्या चालीने, आणि त्या रिकाम्या घरात ठेवला.

तो अजून तिथंच उभा आहे. उन्हं ओसरीवर आली आहेत, पटाच्या सुटलेल्या टाक्यापर्यंत. तुम्ही हरले नव्हते, मामाजी. आता चाल माझी आहे, आणि मला कसलीही घाई नाही.